स्तनार्बुदाची रुग्णा शस्त्रक्रियेनंतर आपल्याकडे येते तेव्हा

भारतीय स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग आज प्रथम क्रमांकावर आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने जडला व सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे तो सुमारे दहा वर्षे आधी, म्हणजे पंचेचाळीस ते पंचावन्न या वयात अधिक दिसतो. मुलांची शिक्षणे व लग्ने, वृद्ध सासूसासऱ्यांची शुश्रूषा आणि स्वतःची रजोनिवृत्ती या तिन्हींच्या मध्ये उभ्या असलेल्या स्त्रीला तो गाठतो.

वेळेवर निदान व पूर्ण उपचार झाल्यास यांपैकी पुष्कळ स्त्रिया पुढे पंधरा-वीस वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ जगतात. या काळात त्या वैद्याकडे येतात त्या अर्बुदासाठी नव्हे. सांधे आखडतात, अंगातून गरम वाफा निघतात, हात जड होतो, झोप लागत नाही, तोंडाला चव नाही, अशा त्यांच्या तक्रारी असतात. प्रस्तुत लेखात या रुग्णेचा विचार करावयाचा आहे.

प्रथम निदानाविषयी थोडेसे. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदाचे जे वर्णन केले आहे त्यात ते स्थिर, मंद वेदनेचे, खोल मूळ धरलेले, सावकाश वाढणारे व पाक न होणारे सांगितले आहे. स्तनरोग व स्तनविद्रधी यांचा विचार त्याआधीच्या दहाव्या अध्यायात स्वतंत्र आहे. व्यवहारात मात्र 'गाठ दुखत नाही, म्हणजे काळजीचे कारण नाही' असे रुग्णा म्हणते आणि क्वचित वैद्यही त्यास मान डोलावतो. ग्रंथकारांच्या मते हेच लक्षण चिंतेचे आहे. बाळ अंगावर पीत नसताना मध्यम वयात स्तन लाल व उष्ण झाला, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, तर तो विद्रधी समजून दशांग लेपावर महिना घालवू नये. स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, काखेत गाठ लागणे, या प्रत्येक प्रसंगी मॅमोग्राफी, सोनोग्राफी व बायॉप्सीसाठी पत्र लिहून द्यावे. चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात अर्बुदाचा अवशेष राहिल्यास ते पुन्हा वाढते असे स्पष्ट बजावले आहे. तेव्हा रुग्णेस शल्यचिकित्सकाकडे पाठविणे म्हणजे आपल्या शास्त्राशी प्रतारणा, ही समजूत निराधार आहे.

हाताने केलेल्या परीक्षणाचेही मोल कमी नाही. मुंबईत १९९८ साली टाटा स्मारक रुग्णालयाने ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांपैकी निम्म्यांचे स्तनपरीक्षण प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या गटात रोग अलीकडच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी आढळले. यंत्रावाचून, केवळ शिकविलेल्या हातांनी हे साधले. आपल्या चिकित्सालयांतील वैद्य भगिनींनी हे परीक्षण अवश्य शिकून घ्यावे.

आता मुख्य विषय. केमोथेरपी चालू असताना वैद्याने काय करू नये हे अधिक महत्त्वाचे आहे. प्रत्येक फेरीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील श्वेतकण सर्वांत कमी असतात. या दिवसांत ज्वर १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर तो नवज्वर नव्हे. त्रिभुवनकीर्ती वा महासुदर्शन देऊन सकाळपर्यंत वाट पाहण्यात प्राण जाऊ शकतो. त्याच रात्री तिला रुग्णालयात पाठवावे. या काळात बस्ती देऊ नये, कारण गुदमार्गातील लहानशी जखमही जंतुसंसर्गास पुरेशी होते. प्लेटलेट कमी असताना रक्तमोक्षणाचा तर विचारही नको. यकृत व वृक्क यांवर औषधांचा भार असताना रसकल्प व भस्मे टाळावीत, आणि सुटी विकली जाणारी चूर्णेही देऊ नयेत. ती निर्जंतुक नसतात.

मग करावे काय? आहार. येथे आपल्याइतके सूक्ष्म मार्गदर्शन क्वचितच कोणी करते. पंचकर्मानंतरचा संसर्जनक्रम आपण जाणतो. तीच दृष्टी येथे लावावी. फेरीनंतरचे दोन-तीन दिवस लाह्यांचे मंड, पेज, मग मुगाचे कढण, मऊ खिचडी, असे अग्नी पाहून चढत जावे. मळमळ असता कोकमाचे सार बरे वाटते. तोंड आले असेल तर मात्र आंबट, तिखट व गरम वर्ज्य करून पेजेत थोडे तूप घालावे. अन्न ताजे शिजविलेले असावे. घरची मंडळी प्रेमापोटी बाळंतिणीप्रमाणे डिंकाचे व अळिवाचे लाडू आणि वाटीभर तूप सुरू करतात. आमच्या पाहण्यात उपचारानंतर कृश झालेल्यांपेक्षा वजन वाढलेल्या रुग्णाच अधिक आहेत, आणि वाढलेला मेद या रोगात हितकर नाही. बृंहण सरसकट नको.

शस्त्रक्रिया, केमोथेरपी व रेडिएशन संपले की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. खरा दीर्घ पल्ला येथून सुरू होतो. निम्म्याहून अधिक रुग्णांचे अर्बुद स्त्रीसंप्रेरकांवर पोसणारे असते. त्यांना मासिक पाळी चालू असल्यास बहुधा टॅमॉक्सिफेन, रजोनिवृत्तीनंतर लेट्रोझोल वा ॲनास्ट्रोझोल, ही गोळी रोज एक याप्रमाणे किमान पाच वर्षे व काहींना दहा वर्षांपर्यंत घ्यावी लागते. रोग उलटू नये म्हणून असलेली ही गोळी पुष्कळ स्त्रिया मध्येच सोडतात, आणि सोडतात त्या तिच्यापासून होणाऱ्या त्रासामुळे. हाच त्रास घेऊन त्या आपल्या दारी येतात. तिचा त्रास सुसह्य करून तिला ती गोळी पुरी पाच वर्षे घेता यावी, ही आमच्या मते या रोगात वैद्याने करावयाची सर्वांत मोठी चिकित्सा होय.

उदाहरणार्थ, बावन्न वर्षांची एक रुग्णा आमच्याकडे हातांची बोटे सकाळी आखडणे, मनगटे व गुडघे दुखणे या लक्षणांसह आली. बाहेर आमवाताचे निदान होऊन तिला तीन महिने औषधे दिलेली होती. रोज घेत असलेल्या सर्व गोळ्या पिशवीतून काढून मेजावर ठेवण्यास सांगितले तेव्हा लेट्रोझोलचे पाकीट निघाले. अकरा महिन्यांपूर्वी तिचा स्तन काढलेला होता. 'तो आजार तर बरा झाला, म्हणून सांगितले नाही,' हे तिचे उत्तर. अशा रुग्णेस लंघन, रूक्ष स्वेद व तीव्र विरेचन देऊन आधीच थकलेले शरीर आणखी थकते. तिला कोमट तिळतेलाचा अभ्यंग, जेथे सूज नाही अशा अंगांना मृदू स्वेद आणि मुख्यतः व्यायाम सुचविला. व्यायामाचा लाभ केवळ तर्काने मानावा असे नाही. अमेरिकेत झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे व दोन वेळा स्नायूंचा व्यायाम करणाऱ्या स्त्रियांची याच गोळ्यांमुळे होणारी सांधेदुखी वर्षभरात सुमारे २९ टक्क्यांनी घटली. या गोळ्यांनी हाडेही विरळ होतात. म्हणून अस्थिघनतेची तपासणी झाली आहे काय, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व चालू आहे काय, हे विचारावे. त्रास असह्यच असेल तर तज्ज्ञ एक गोळी बदलून दुसरी देऊ शकतात. आपण स्वतः ती बंद करू नये.

द्रव्यांविषयी विशेष सावधगिरी हवी. अंगातून वाफा, चिडचिड, योनिशुष्कता ही लक्षणे दिसताच शतावरीकडे हात जातो. एरवी ते योग्यही असेल. परंतु स्त्रीसंप्रेरकांचे कार्य रोखण्यासाठी रोज गोळी चालू असताना, तत्सम कार्याची शक्यता असलेले द्रव्य महिनोन्महिने देणे आम्हांस उचित वाटत नाही. ज्येष्ठमधाबाबतही हेच, त्याने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते ते निराळेच. वाफांसाठी सुती वस्त्रे, रात्री हलके जेवण, मिरची व चहा कमी करणे, शीतली प्राणायाम एवढ्यावर पुष्कळ जणींचे भागते. न भागल्यास कर्करोगतज्ज्ञांकडे टॅमॉक्सिफेनशी विरोध न करणारी औषधे आहेत.

हळदीचा प्रश्न हल्ली प्रत्येक रुग्णा विचारते. स्वयंपाकातील हळदीस आमची हरकत नाही. परंतु नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांना हळदीतील कर्क्यूमिन १२०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा दिले असता, टॅमॉक्सिफेनपासून शरीरात तयार होणाऱ्या एंडोक्सिफेन या कार्यकारी द्रव्याची रक्तातील मात्रा घटली. मिऱ्यातील पायपरिन जोडल्यावर ही घट सरासरी सुमारे १२ टक्के होती. अभ्यास लहान, २०१९ सालचा, सोळा रुग्णांचा आहे. पण बाजारातील कॅप्सूलांत नेमका हाच संयोग 'शोषण वाढविणारा' म्हणून विकला जातो. पायपरिन त्रिकटूतही आहे. अर्बुदाच्या इतिहासामुळे वैद्य ज्या कल्पाची योजना हमखास करतो त्या कांचनार गुग्गुळात त्रिकटू व गुग्गुळ ही दोन्ही आहेत. गुग्गुळाने हृदयविकारावरील काही औषधांची रक्तातील पातळी खाली येते हे १९९४ सालीच आपल्या देशात दाखविले गेले होते. तेव्हा कल्प योजताना केवळ रोगाधिकार पाहून चालणार नाही. आधी चालू असलेले औषध कोणते, हे पाहावे.

काखेतील ग्रंथी काढल्यावर त्या बाजूचा हात कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी सुजतो. बांगडी घट्ट होणे, पोलक्याची बाही रुतणे ही पहिली खूण. या हातावर जोरकस मर्दन, पिंडस्वेद, जळू, अग्निकर्म यांपैकी काहीही करू नये. हाताची लसिका वाहून नेण्यासाठी फिजिओथेरपिस्ट जो स्पर्श वापरतात तो मोराच्या पिसासारखा हलका असतो. त्यासोबत दाबपट्टी व बाही असते. हात लाल, उष्ण झाला व ताप आला तर तो जंतुसंसर्ग समजून लगेच पाठवावे. शेतात वा स्वयंपाकघरात कापणे, भाजणे, काटा लागणे यांस जपावे. मात्र 'आयुष्यभर त्या हाताने काही उचलू नका' हा सल्ला आता जुना झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी ज्यांना क्रमाक्रमाने वजने उचलण्याचा व्यायाम दिला त्यांची सूज वाढली नाही, उलट तीव्र सुजेचे प्रसंग कमी झाले. अर्थात आरंभ रिकाम्या तांब्याने करावा, भरलेल्या कळशीने नव्हे.

पाठदुखी हा आणखी एक सापळा आहे. हा रोग हाडांत, विशेषतः मणक्यांत पसरू शकतो, आणि तोही उपचार संपून कित्येक वर्षांनी. रात्री वाढणारी, विश्रांतीने न थांबणारी नवी कटिवेदना असेल तर कटिबस्ती, मर्दन वा मणके ओढण्याआधी एमआरआय करून घ्यावे. पायांत बधिरता वा मूत्राचा अवरोध असल्यास त्याच दिवशी रुग्णालय.

मनाविषयी एवढेच लिहितो की ही स्त्री पतीसमोर रडत नाही, मुलांसमोर तर नाहीच. ती वैद्यासमोर रडते. घाईने धीर देऊ नये, ऐकून घ्यावे. काही घरांत तिचे ताटवाटी वेगळे केलेले असते. हा रोग संसर्गाने होत नाही, हे पतीला व सासूबाईंना समोर बसवून सांगावे. कृत्रिम स्तन घालता येतो, केस पुन्हा येतात, दांपत्यजीवनास बंदी नाही, हे वैद्य भगिनींनी आपण होऊन सांगितले तर तिचे निम्मे ओझे उतरते. पाळी थांबली तरी गर्भ राहणे सर्वथा अशक्य नसते. टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भ राहू नये, हेही सांगावे.

आता औषधी विक्रेत्यांविषयी. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या अनुसूचीत कर्करोग आहे. तो बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात करणे हा गुन्हा आहे. दुकानातील फलक, पत्रक यांसही हे लागू होते. फिरते विक्रेते ठेवून जाणारी अशी पत्रके गल्ल्यावर ठेवू नयेत. विषारी द्रव्यांच्या अनुसूची ई (१) मधील घटक असलेल्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली असते. ती न वाचता कल्प हाती देऊ नये. चिठ्ठीवाचून शतावरी कल्प वा कर्क्यूमिन मागणाऱ्या मध्यमवयीन भगिनीस 'आणखी कोणती गोळी रोज चालू आहे?' हा एक प्रश्न विचारावा. उत्तरात टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल वा ॲनास्ट्रोझोल आले तर वैद्याची चिठ्ठी आणावयास सांगावे, आणि ती गोळी संपत आली असेल तर आधी ती आणून घ्या, असेही सांगावे.