पुसलेली टेप, उरलेला आवाज

सामन्यांची जुनी धावती वर्णनं आज सहसा का सापडत नाहीत? टेपवरच्या लोहाच्या ऑक्साइडच्या कणांची चुंबकीय मांडणी म्हणजे आवाज. इरेज हेडनं ती विस्कटली की टेप पुन्हा कोरी! टेप महाग, त्यामुळे रेडिओ केंद्रं तीच पुन्हा वापरत. १९५१ मधलं न्यूयॉर्कच्या बेसबॉल सामन्याचं रस हॉजेस यांचं गाजलेलं वर्णन टिकलं, कारण एका श्रोत्याच्या घरी ते टेप झालं होतं.

आपल्याकडे बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट ऐकवलं, शंकर पुजारींनी आखाड्यात कुस्ती. खासबागेत कुस्ती बघायला जाल तेव्हा मोबाईलवर निवेदकाचा आवाजही घ्या. तारीख, पैलवानांची नावं लिहा, दोन ठिकाणी कॉपी ठेवा. बिननावाची फाईल म्हणजे पुसलेली टेपच!