वर्गातील वळण : एक स्वतंत्र पाठ

प्राथमिक शिक्षकास पाढे शिकवावे लागतात, जोडाक्षरे शिकवावी लागतात, याविषयी कोणाच्याही मनात शंका नसते. एखादे मूल दोनाचा पाढा चुकले तर शिक्षक तो पुन्हा म्हणवून घेतो, मणी मोजावयास देतो आणि दुसऱ्या दिवशी तोच पाढा पुन्हा विचारतो. परंतु तेच मूल दप्तर वाटेत टाकून धावत सुटले, अथवा माठाजवळ दुसऱ्यास ढकलून पाणी प्याले, तर त्यास शिकविण्याचा विचार सहसा होत नाही. त्यास रागावण्यात येते. पाढा न येणे हे अज्ञान आणि रांगेत उभे राहता न येणे हा अपराध, असा हा भेद शाळाशाळांतून नकळत रूढ झालेला आहे. वस्तुतः सहा वर्षांचे मूल पहिलीच्या वर्गात येते तेव्हा रांगेचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच आलेला असतो. घरी तहान लागली की ते पाणी पिते, बोलावेसे वाटले की बोलते, उठावेसे वाटले की उठते. हात वर करून आपली पाळी येईपर्यंत थांबणे ही गोष्ट त्यास जोडाक्षराइतकीच नवी व अवघड असते.

या शिक्षणाकडे दुर्लक्ष केल्याने किती वेळ वाया जातो, याचा हिशेब प्रत्येक शाळेने एकदा करून पाहावा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाकाठी किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन व्हावयास हवे. परिपाठानंतर वर्गात येऊन बसणे, एका विषयाची पुस्तके ठेवून दुसऱ्याची काढणे आणि मधल्या सुट्टीनंतर पुन्हा स्थिरस्थावर होणे, या तीन प्रसंगी प्रत्येकी दहा मिनिटे जरी गेली, तरी दिवसाचा अर्धा तास व वर्षाचे १०० तास होतात. म्हणजे अध्यापनाचा एक अष्टमांश भाग गोंगाटात जातो. ज्या मुलास घरी अभ्यास घेणारे कोणी आहे, त्याचे हे नुकसान कसेबसे भरून निघते. ज्याचे आईबाप दिवसभर रानात असतात, त्याचे ते कधीही भरून निघत नाही.

पूर्वी या गोंगाटावर छडी हा उपाय समजला जात असे. वरील अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली, आणि ते योग्यच झाले. तथापि छडी गेली आणि तिच्या जागी काय आणावयाचे, हे पुष्कळ शिक्षकांस कोणी दाखवून दिले नाही. त्यामुळे काही वर्गांत ओरडणे वाढले, तर काही वर्गांत ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हीच दिवसभराची शिस्त होऊन बसली. बोट तोंडावर असलेले मूल वाचत नाही, बोलत नाही आणि प्रश्नही विचारीत नाही. असा वर्ग तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यास पुष्कळदा आवडतो हे खरे. परंतु तो दोष अधिकाऱ्याचा समजावा. वळण लागलेल्या वर्गात कुजबुज असते, हालचाल असते, आणि त्या हालचालीस कारण असते.

अध्यापक विद्यालयात प्रत्येक शिक्षकाने हर्बार्टची पंचपदी अभ्यासलेली असते. पाठाची प्रस्तावना, हेतुकथन, उपयोजन इत्यादींची टाचणे त्याने डझनांनी लिहिलेली असतात. तीच पद्धती येथे उपयोगी पडते. उदाहरणादाखल शालेय पोषण आहाराच्या वेळी हात धुऊन पंगतीस बसण्याचा पाठ घेऊ. हा प्रसंग निवडण्याचे कारण असे की, शाळेतील बहुतेक ढकलाढकली व रडारड याच वेळी होते. शिवाय गरम खिचडीचे भांडे जवळ असल्याने धोकाही असतो.

हा पाठ खिचडी आल्यावर देऊ नये. भुकेल्या मुलास काहीही शिकविता येत नाही. सकाळच्या सत्रात, रिकाम्या ताटल्या घेऊन तो द्यावा. मुलांना अर्धवर्तुळात बसवून बाईंनी प्रथम स्वतः सर्व कृती करून दाखवावी. ताटली दोन्ही हातांनी छातीशी धरून त्या चालत पाण्याच्या जागी जातात. पुढे कोणी असल्यास एक हात अंतरावर थांबतात. साबण लावून बोटांच्या बेचक्या व नखे चोळतात आणि एक ते वीस अंक सावकाश म्हणून होईपर्यंत चोळणे थांबवीत नाहीत. हात कपड्यास न पुसता झटकतात, आणि पंगतीत जी पहिली मोकळी जागा असेल तेथे बसतात. या वेळी तोंडाने काही सांगू नये. मुलांनी केवळ पाहावे. नंतर ‘बाईंनी आधी काय केले? मग काय केले?’ असे विचारून क्रम मुलांकडूनच वदवून घ्यावा. त्यापुढे पाच मुलांनी तीच कृती करावी व उरलेल्यांनी पाहून काय दिसले ते सांगावे. ‘गंगूने अंक भरभर म्हटले’ असे एखादे मूल सांगेल. तेव्हा गंगूने ते पुन्हा सावकाश म्हणावे. यात हसण्यासारखे किंवा रागावण्यासारखे काही नाही. चुकीचा नमुना दाखविणे आवश्यक वाटल्यास तो बाईंनीच दाखवावा, मुलाकडून करवू नये. कारण मुले हसतात आणि हशा मिळविणारी कृती मुलाच्या अंगी लवकर मुरते.

पहिल्या दिवशी या पाठास वीस मिनिटे लागतील व पुढील दोन-तीन दिवस दहा-दहा मिनिटे. जूनमध्ये अभ्यासक्रम मागे पडेल अशी भीती शिक्षकांस वाटते. वर केलेला शंभर तासांचा हिशेब समोर ठेवला म्हणजे ही भीती राहणार नाही. मात्र एका आठवड्यात असे दोनच पाठ घ्यावेत. पहिल्याच दिवशी भिंतीवर बारा नियमांचा तक्ता लावून मोकळे होण्याची चाल व्यर्थ आहे. पहिलीच्या मुलास तर तो वाचताही येत नाही.

द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. तेथे सर्वांत महत्त्वाचे वळण म्हणजे शिक्षक दुसऱ्या इयत्तेकडे वळलेला असताना स्वतःचे काम करीत राहणे. त्यासाठी ‘गप्प बसा’ ही आज्ञा उपयोगाची नाही. काम संपले तर काय करावे आणि काम अडले तर काय करावे, या दोन प्रश्नांची उत्तरे मुलास आधीच ठाऊक असावीत. अडल्यास शेजाऱ्यास विचारावे, त्यासही न आल्यास गटप्रमुखास विचारावे, तरीही न सुटल्यास ते उदाहरण सोडून पुढचे घ्यावे, हा क्रम प्रत्यक्ष उदाहरणे घालून करवून घ्यावा. काम संपलेल्या मुलाने पाटी ठरलेल्या जागी ठेवून गोष्टीचे पुस्तक घ्यावे. लक्ष वेधून घेण्यासाठी टाळीचा एखादा ठेका ठरवावा. शिक्षकाने तीन टाळ्या वाजविल्या की मुलांनी दोन टाळ्यांनी उत्तर देऊन हातातील काम खाली ठेवावे. १९०७ मध्ये रोम येथे बालगृह उघडणाऱ्या मारिया माँटेसोरी यांनी शांततेचा एक खेळ मुलांना दिला. मुले निश्चल बसतात आणि बाई दूर जाऊन कुजबुजत्या आवाजात एकेकाचे नाव घेतात. ज्याचे नाव आले त्याने पाऊल न वाजविता त्यांच्याकडे जावयाचे. आपले नाव ऐकू यावे म्हणून मूल आपण होऊन शांत राहते. पावसाळ्यात पत्र्याच्या खोलीत हा खेळ जमणार नाही, हे उघड आहे. पण इतर दिवशी पाच मिनिटांत होतो.

मूल चांगले वागले की त्यास काय द्यावे, हा प्रश्न नेहमी निघतो. चॉकलेट व चांदण्या वाटण्याची पद्धत सध्या बोकाळली आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन व निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एका बालशाळेतील प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या मुलांना चित्रे काढण्याची मुळातच आवड होती, त्यांपैकी काहींना चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असे आधी सांगून ते देण्यात आले. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुले इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढू लागली. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले अथवा मुळीच मिळाले नाही, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. यावरून शिक्षकाने एवढे घ्यावे की, जे मूल आपण होऊन चपला ओळीत लावते, त्यास त्याचा मोबदला ठरवून देऊ नये. त्याची कृती शिक्षकाने पाहिली आहे, हे त्यास कळणे पुरेसे असते. ‘तू फार शहाणा आहेस’ असे म्हणण्यापेक्षा ‘धाकट्या मुलास तू आधी पाणी पिऊ दिलेस’ असे म्हणावे. त्यामुळे नेमके काय चांगले झाले हे त्यास कळते आणि शेजारी बसलेल्यासही कळते.

कामांच्या वाटणीविषयी अधिक स्पष्ट लिहिणे अवश्य आहे. केर काढण्यास नेहमी मुली, बाके हलविण्यास नेहमी मुलगे, आणि माठ भरण्यास किंवा वाढण्यास गावातील विशिष्ट घरचीच मुले, असे अद्यापि कोठे घडत असेल तर त्या शाळेत रांगा कितीही सरळ असोत, वळण वाईटच लागत आहे. हजेरीपत्रकातील क्रमाने आठवड्याची पाळी लावावी. केरसुणी, माठ, ओगराळे, वाढणे, पुस्तके वाटणे ही सर्व कामे प्रत्येकाच्या वाट्यास यावीत. पंगतीतील जागाही कोणाच्या नावे नसावी. आधी येईल तो आधी बसेल. एखाद्या पालकाने यास हरकत घेतल्यास शिक्षकाने पालकाशी नम्रपणे बोलावे, परंतु पाळी बदलू नये.

उशिरा येणाऱ्या मुलास दारात उभे करण्यापूर्वी कारण शोधावे. ते बहुधा धाकट्या भावंडात, पाण्याच्या कळशीत किंवा शेळीत सापडते. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्यासह १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, आणि पुढे कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. आजच्या शिक्षकास एवढे करावे लागत नाही. उशिरा आलेल्या मुलाने नमस्कार करून, कोणास न अडविता आपल्या जागी बसावे व शेजाऱ्याच्या पाटीवरून काम सुरू करावे, एवढे वळण त्यास शिकवून ठेवले म्हणजे पाठ मोडत नाही आणि मूल उद्या घरी राहत नाही.

शिकविलेले वळण दिवाळीच्या सुट्टीत सुटते. नोव्हेंबरात पहिल्या आठवड्यात जूनचेच पाठ थोडक्यात पुन्हा घ्यावेत. मुले बिघडली असे मानू नये. याच सुमारास ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची मुले काही शाळांतून निघून जातात व कारखान्याजवळच्या शाळांत नव्याने दाखल होतात. अशा मुलास त्या वर्गातील टाळीचा ठेका माहीत नसतो, पुस्तके कोठे ठेवतात हे माहीत नसते, आणि विचारण्याचा धीर नसतो. त्याच्यासाठी पहिले आठ दिवस वर्गातील एक सोबती नेमावा. सोबती हुशार असण्यापेक्षा बोलका असावा. माठ, मुतारी, चपलांची ओळ आणि पुस्तकांची जागा त्याने पहिल्याच दिवशी नव्या मुलास दाखवावी, पंगतीत त्यास आपल्याजवळ बसवावे. आणि नव्या मुलाचे नाव, तो आला त्याच दिवशी, कामाच्या पाळीच्या तक्त्यावर लिहावे.