मार्क शाळेचे किती, घरचे किती?



शाळेचे प्रवेश जवळ आले की गटाच्या बैठकीत कर्जमागणीचं एक कारण हमखास येतं. "पोराला इंग्रजी शाळेत टाकायचंय, फी भरायची आहे." का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं : "तिथल्या मुलांना मार्क जास्त पडतात." ते पुष्कळदा खरंही असतं. पण मार्क कशामुळे जास्त पडतात, हे समजून घेणं हा आजचा पाठ.

दोन मुली, एक परीक्षा

समजा, पाचवीतल्या दोन मुली आहेत. एक नारायणगावची. वडिलांचा टोमॅटोचा व्यापार, आई पदवीधर. मुलगी खासगी शाळेत जाते, संध्याकाळी क्लास लावलाय. दुसरी आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातली. घरची भातशेती पावसावरची; आई-वडील हंगामात हिरडा गोळा करतात, एरवी मजुरीला जातात. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. घरी धाकट्या भावाला सांभाळते आणि मजुरीच्या दिवसांत तिची शाळा बुडते.

पहिलीला मार्क जास्त पडले. मग शाळा चांगली म्हणायची का? पहिलीच्या मार्कांत क्लास आहे, आईचं शिक्षण आहे, पोटभर जेवण आहे, अभ्यासाला मिळालेला वेळ आहे. शाळेचा वाटा त्यातला एक. शाळांची तुलना करायची, तर सारख्या परिस्थितीतल्या घरांची मुलं शेजारी ठेवून बघायला हवं.

चिठ्ठ्या टाकून केलेली परीक्षा

तशी तुलना आंध्र प्रदेशात २००८ पासून चार वर्षं झाली. सरकारी शाळेतल्या ज्या मुलांच्या घरच्यांनी अर्ज केले, त्यांच्यात चिठ्ठ्या काढल्या. नाव निघालं त्या मुलांची खासगी शाळेची फी भरली गेली. बाकीची मुलं बहुतेक सरकारी शाळेतच राहिली. दोन्हीकडची घरं सारखीच, फरक फक्त चिठ्ठीचा. चार वर्षांनी बघितलं तर तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांच्या मार्कांत फरक नव्हता. हिंदीत मात्र खासगी शाळेतली मुलं पुढे होती, कारण त्या शाळा हिंदीला वेळ देत होत्या.

यावरून सगळ्या खासगी शाळा वाईट किंवा सगळ्या सरकारी शाळा चांगल्या, असं समजू नका. शाळेशाळेत फरक असतो. फीच्या आकड्यावरून किंवा गणवेशावरून तो कळत नाही, एवढंच ध्यानात ठेवायचं.

फीबरोबर हक्काचाही हिशेब

एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत असते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे अटी पाळल्या तर चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. पण ही परीक्षा सरकारी, जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांनाच देता येते. विनाअनुदानित शाळेत घातलेल्या मुलाला ती देता येत नाही. सरकारी निवासी शाळेतल्या मुलांनाही नाही, म्हणून आश्रमशाळेत मुलगी असेल तर आधी चौकशी करा.

खासगी शाळेतच घालायचं असेल, तर आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. प्रवेश सोडतीने होतो आणि फी लागत नाही. पण ही सवलत आठवीपर्यंतच असते. नववीपासूनची फी कुठून भरणार, हे आधीच ठरवा.

घरच्या घरी तपासा

कर्ज उचलण्याआधी हे करून बघा. 'असर' नावाच्या सर्वेक्षणात गावोगावी मुलांना असंच तपासतात.

१. मुलाला दुसरीच्या पुस्तकातली गोष्ट मोठ्याने वाचायला सांगा. तुम्हाला वाचता येत नसेल तरी हरकत नाही. पोर अडखळतंय की सरळ वाचतंय, हे ऐकून कळतं.
२. हातच्याची वजाबाकी द्या, जशी ४३ वजा १७. उत्तर २६ यायला हवं.
३. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगा, जसं ८६४ भागिले ६. उत्तर १४४.

पाचवीतल्या मुलाला हे जमत नसेल, तर शाळा बदलली तरी ती उणीव सोबतच जाणार. आधी बाईंना किंवा गुरुजींना भेटा. रोज अर्धा तास वाचन करून घ्या. गटातली शिकलेली सून किंवा कॉलेजची मुलगी आठवड्यातून दोन दिवस वाडीतल्या मुलांना बसवू शकते. त्याला कर्ज लागत नाही.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

- आपल्या गटात गेल्या वर्षी फीसाठी किती कर्ज गेलं? हप्ते वेळेवर आले का?
- मुलीच्या फीसाठी आणि मुलाच्या फीसाठी सारखंच कर्ज मागितलं गेलं का?
- आठवीतली कोणकोणती मुलं एनएमएमएसला बसू शकतात? त्यांची यादी करून अर्जाची तारीख मुख्याध्यापकांना विचारायला कोण जाईल?

पोरांसाठी पैसा खर्च करायला आपण कधीच मागे हटत नाही. फक्त तो पोराच्या शिकण्यावर खर्च होतोय की शाळेच्या नावावर, हे बघून मगच कर्जाच्या अर्जावर सही करूया.