ट्रॉलीला तिचा स्वतःचा ब्रेक हवा



ऊसतोड सुरू झाली की आपल्या भागातील रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिवसरात्र धावू लागतात. ट्रॅक्टर घेताना आपण पुष्कळ विचार करतो. अश्वशक्ती किती, डिझेल किती लागणार, लिफ्ट किती वजन उचलणार, हे सारे चार जाणत्यांना विचारून ठरवतो. ट्रॉली मात्र जवळच्या वर्कशॉपमध्ये सांगून करून घेतो. तेथे बोलणे होते ते पत्र्याच्या जाडीचे, टायरचे आणि रंगाचे. ब्रेकचा विषय बहुधा निघतच नाही. या अंकात आपण त्याच विषयाचा अभ्यास करू.

१. ओझे थांबवतो कोण?

पन्नास अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर साधारण २ टन वजनाचा असतो. त्याच्यामागे ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या मिळून १० टन आहेत असे धरू. प्रत्यक्षात याहून अधिक भरणारेही आहेत. ट्रॉल्यांना ब्रेक नसेल, तर एकूण १२ टनांचे ओझे २ टनांच्या ट्रॅक्टरने थांबवायचे असते.

आता आकडेमोड करू. कोरड्या डांबरी सडकेवर ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा एकटा ट्रॅक्टर ब्रेक लागल्यावर सुमारे ५ मीटरमध्ये थांबतो असे समजा. ब्रेक तेवढाच, पण ओझे सहापट झाले, की थांबायला अंतरही सहापट लागते, म्हणजे ३० मीटर. वेग ३० किलोमीटर केला तर हेच अंतर ७० मीटरच्या घरात जाते, कारण वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर दुप्पट न होता चौपट होते. शिवाय धोका दिसल्यापासून पाय पेडलवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्या एका सेकंदात आणखी ८ मीटर अंतर कापलेले असते. शाळेतून सुटलेले मूल ७० मीटरवर रस्ता ओलांडू लागले, तर काय होईल हे सांगायला नको.

उतारावर गोष्ट याहून गंभीर आहे. दर वीस फुटांना एक फूट उतार, हा काही मोठा घाट नव्हे. पण वरच्या हिशेबाप्रमाणे पाहिले, तर १२ टनांना खाली ओढणारी उताराची ताकद आणि त्या ट्रॅक्टरच्या ब्रेकची ताकद जवळजवळ सारखीच भरते. म्हणजे चालकाने पेडल पूर्ण दाबले तरी गाडी थांबवायला फारसे काही उरत नाही. रस्ता ओला असेल तर तेवढेही नाही.

२. ट्रॅक्टरचाच ब्रेक घट्ट केला तर?

पुष्कळांना वाटते की ट्रॅक्टरचा ब्रेक आवळून घेतला की काम झाले. हा समज चुकीचा आहे. ब्रेक चाकाला थांबवतो. ट्रॅक्टरला थांबवते ती टायरची रस्त्यावरील पकड. चाक जागच्या जागी थांबले आणि मागून दहा टनांचा रेटा आला, की टायर घसरू लागतो. मग ट्रॉली ट्रॅक्टरच्या ढुंगणाला ढकलत त्याला आडवा करते, आणि ट्रॅक्टर व ट्रॉली चाकूच्या पात्यासारखी एकमेकांवर मिटतात. चालक मध्ये सापडतो.

येथेच एक छोटी पण जीव वाचवणारी गोष्ट सांगून ठेवतो. ट्रॅक्टरला डावे आणि उजवे अशी ब्रेकची दोन पेडले असतात. शेतात वळताना एका बाजूचेच चाक अडवता यावे म्हणून ती सोय आहे. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडले खिटी लावून एकत्र जोडलीच पाहिजेत. नाहीतर घाईच्या क्षणी पाय एकाच पेडलवर पडतो आणि ट्रॅक्टर त्या अंगाला गर्रकन फिरतो.

सारांश असा की, ज्याचे ओझे त्यानेच थांबवले पाहिजे. आपले आजोबा घाट उतरताना बैलगाडीच्या चाकाला लाकूड दाबून धरीत. सगळा भार बैलांच्या मानेवर टाकू नये, हे त्यांना कळत होते.

३. ट्रॉलीच्या ब्रेकचे प्रकार

(अ) हातब्रेक. हा फक्त उभ्या ट्रॉलीसाठी आहे. चालत्या गाडीत त्याचा उपयोग नाही. तो असला म्हणजे ट्रॉलीला ब्रेक आहे असे समजू नये.

(आ) रेट्याचा ब्रेक. ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉली पुढे रेटते. त्या रेट्याने जोडदांडा आत सरकतो आणि ट्रॉलीचा ब्रेक आपोआप दाबला जातो. रचना साधी आहे आणि ट्रॅक्टरला वेगळी जोडणी लागत नाही. मात्र ट्रॉलीने रेटल्याशिवाय तो लागत नाही, म्हणून थोडा धक्का ट्रॅक्टरला बसतोच. मागे घेतानाही तो लागू शकतो, म्हणून तो अडकवून ठेवण्याची सोय पाहून घ्यावी. हलक्या, एकेरी ट्रॉलीला हा बरा.

(इ) हायड्रॉलिक ब्रेक. ट्रॅक्टरवर वेगळा व्हॉल्व्ह बसवून नळीने तेलाचा दाब ट्रॉलीच्या ब्रेकपर्यंत नेतात. पेडल जेवढे दाबावे तेवढ्या प्रमाणात ट्रॉली थांबते. शेतीच्या बहुतेक कामांना हा प्रकार योग्य वाटतो. यात दोन गोष्टी सांभाळाव्या. आपल्या ट्रॅक्टरला असा व्हॉल्व्ह बसतो काय, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. आणि ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक तेल व मोटारीचे ब्रेक ऑईल यांची अदलाबदल कधीही करू नये. चुकीच्या तेलाने आतील रबरी सील फुगून निकामी होतात.

(ई) हवेचा ब्रेक. ट्रकसारखा. कॉम्प्रेसर, टाकी आणि नळ्या लागतात, त्यामुळे खर्च अधिक. दोन नळ्यांच्या पद्धतीत हवेची मुख्य नळी तुटली की ट्रॉलीचे ब्रेक आपोआप लागतात, हा मोठा गुण. दोन जड ट्रॉल्या कायम ओढणाऱ्याने याचा विचार करावा. टाकीत साचलेले पाणी रोज सोडावे लागते.

(उ) विजेचा ब्रेक. अमेरिकेत व कॅनडात शेतकरी पिकअप ट्रकमागे जनावरांचे आणि गवताचे ट्रेलर ओढतात. तेथील अनेक राज्यांत सुमारे ३००० पौंडांहून, म्हणजे १३६० किलोहून, जड ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असणे कायद्याने सक्तीचे आहे. त्या ट्रेलरच्या ड्रममध्ये विद्युतचुंबक असतो आणि चालकासमोर एक छोटा नियंत्रक. नियंत्रक दोन जातींचे असतात. स्वस्तातला पेडल दाबल्यावर ठरावीक गतीने वीज वाढवत नेतो. चालकाने हळू दाबले की जोरात, हे त्याला कळत नाही. दुसरा, प्रमाणशीर नियंत्रक, गाडी किती वेगाने मंदावते आहे हे ओळखून तेवढीच वीज सोडतो. जड ओझ्याला आणि डोंगराळ रस्त्याला दुसराच घ्यावा.

आपल्याकडे ट्रॉलीला हा प्रकार सर्रास दिसत नाही. पण त्यातून शिकण्याजोग्या तीन गोष्टी आहेत. ट्रॉलीचा ब्रेक पेडलच्या प्रमाणात लागावा. रिकाम्या आणि भरलेल्या ट्रॉलीसाठी तो कमीजास्त करता यावा. आणि ट्रॉली सुटली तर तिचा ब्रेक आपोआप लागावा. त्यासाठी तेथे ट्रेलरवरच लहान बॅटरी बसवतात.

४. निवड कशी करावी?

ट्रॉली करायला टाकण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावे. भरलेली ट्रॉली जास्तीत जास्त किती टनांची होणार? ब्रेक दोन्ही ट्रॉल्यांना आहे काय, की पुढचीलाच? प्रत्येक आसाच्या चाकांना आहे काय? ट्रॅक्टरचे हमीपत्र या जोडणीने रद्द होत नाही ना? लायनर, सील, नळी हे सामान जवळच्या गावी मिळते काय? ट्रॉली सुटली तर काय होईल?

ताब्यात घेताना मोकळ्या मैदानात तपासणी करावी. आधी रिकामी, मग अर्धी, मग पूर्ण भरलेली ट्रॉली घेऊन ताशी १० किलोमीटर वेगाने ब्रेक लावावा. ट्रॉलीने ट्रॅक्टरला मागून धक्का देता कामा नये आणि दोन्ही बाजूंची चाके सारखी थांबली पाहिजेत. ट्रॉली एका अंगाला ओढत असेल तर पैसे चुकते करण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावे.

ज्यांना या वर्षी ब्रेक बसवणे जमणार नाही त्यांनी निदान एवढे करावे. ओझे नोंदणीच्या मर्यादेत ठेवावे. मोटार वाहन कायदा, १९८८ हेच सांगतो. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि उतारावर क्लच दाबू नये, न्यूट्रल तर कधीच करू नये. जोडाच्या पिनला खिळ आणि सोबत साखळी असावी. उभ्या ट्रॉलीच्या चाकाला लाकडी ठोकळा लावावा आणि निघताना तो रस्त्यात टाकून देऊ नये. ओढा ओलांडल्यावर ब्रेक हलके दाबून सुकवून घ्यावे. ट्रॉलीच्या पाठीला लाल परावर्तक असावेत. आणि फेस्ताला, लग्नाला किंवा वनभोजनाला ट्रॉलीत माणसे भरून नेऊ नयेत.

५. श्रद्धेच्या दृष्टीने

कोणी म्हणेल, फादरांनी ब्रेकच्या भानगडीत कशाला पडावे? निर्गम ग्रंथाचा २१ वा अध्याय उघडून पाहावा. तेथे मारक्या बैलाविषयी नियम आहे. बैलाने अचानक कोणाला मारले तर मालक निर्दोष. पण बैल मारका आहे हे मालकाला आधीच सांगितलेले असून त्याने त्याला आवरले नाही, तर जबाबदारी मालकाची. अनुवाद ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा असे सांगितले आहे, कारण कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. बैलाच्या जागी आज ट्रॉली आली आहे, एवढाच फरक. आपली ट्रॉली थांबत नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढे ‘देवाची इच्छा’ म्हणून हात झटकता येणार नाहीत. पाचवी आज्ञा केवळ हातातल्या शस्त्रापुरती नाही.

आणखी एक. ट्रॉली बहुधा मालक स्वतः चालवत नाही. पगारी चालकाच्या हाती ती देऊन एका दिवसात तीन खेपा कर म्हणणारा मालक त्याच्या थकव्यालाही उत्तरदायी आहे. ब्रेक नसलेली ट्रॉली नेण्यास चालकाने नकार दिला, तर त्याला कामावरून काढणे हा अन्याय होईल.

शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण १५ मे रोजी येतो. त्या वेळी ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या आशीर्वादासाठी अवश्य आणाव्यात. आम्ही पवित्र पाणी शिंपडू आणि प्रार्थना करू. मात्र आशीर्वाद ब्रेकच्या ऐवजी नसतो. ट्रॉलीचे ब्रेक तपासून मगच ती चर्चच्या आवारात आणावी, ही विनंती.

घरी आणि प्रार्थना-गटात चर्चेसाठी

१. आपल्या वाटेवर सर्वांत धोक्याचा उतार कोणता? तेथे शाळा, बसथांबा किंवा वस्ती आहे काय?
२. आपली ट्रॉली भरल्यावर किती टनांची होते? ती थांबायला किती अंतर लागते, हे आपण कधी मोजून पाहिले आहे काय?
३. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एकाच कारागिराकडून ब्रेक बसवून घेतले, तर खर्च कमी होईल काय? पुढाकार कोण घेईल?