उजळाईवाडी जवळ आहे, पण किती वेळात?

कवठे महांकाळहून विमान पकडायचे म्हटले की सगळे उजळाईवाडीचे नाव घेतात. अंतर पाहिले तर ते बरोबरच आहे. कोल्हापूरचा हा विमानतळ इथून सुमारे नव्वद किलोमीटर; बेळगावचा सांबरा आणि सोलापूर त्याहून बरेच लांब, पुणे तर सव्वादोनशेच्या पुढे. तरीही अनुभवाअंती माझे मत पक्के झाले आहे की विमानतळ किलोमीटरवर निवडू नये. वाटेत काय आडवे येते आणि विमान रद्द झाले तर पुढचे कधी, हे आधी पाहावे. मिरजेपर्यंत चौपदरी रस्त्याने गाडी सुसाट येते. पुढे अंकली ते चोकाक हा तुकडा मोबदल्याच्या वादात वर्षानुवर्षे रेंगाळला, त्यामुळे जयसिंगपूर, हातकणंगलेची गर्दी अंगावर घ्यावी लागते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे किती वेळ जाईल, ते नकाशाला कळत नाही. तो दोन तास सांगत असेल तर तीन धरा. बहुतेक कंपन्यांचे काउंटर तासभर आधी बंद होते, म्हणून उड्डाणाआधी किमान चार तास घर सोडा.

‘कोल्हापूरचे रद्द झाले तर बेळगाव आहेच की,’ असे म्हणणारे भेटतात. पुणे–बंगळूर महामार्गाने दोन्ही विमानतळांत जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर, म्हणून हा आधार भक्कम वाटतो. पण सांबऱ्यालाही उड्डाणे मोजकीच, ऐनवेळचे तिकीट महाग, आणि पावसाळ्यात ढग अनेकदा दोन्हीकडे एकदमच खाली आलेले असतात. रद्द झाल्याचा निरोप येईपर्यंत तिकडचे विमान गेलेलेही असते. त्याच दिवशीची सोय म्हणून बेळगाव धरणे मला धोक्याचे वाटते.

पुराचे तर वेगळेच. आपल्याला अंकलीला कृष्णा आणि शिरोलीच्या सांगली फाट्यापुढे पंचगंगा ओलांडावी लागते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. तेव्हा उजळाईवाडीला विमान उभे असले तरी पोहोचणार कसे? पाणी चढू लागले की पूर्वेकडे सांगोला, पंढरपूरच्या बाजूने पुणे गाठण्याचा विचार आदल्या दिवशीच करावा.

मग चार तास आधीच निघायचे तर सरळ पुण्यालाच का जाऊ नये? परीक्षा, शस्त्रक्रिया किंवा परदेशाचे विमान असेल तर जरूर जावे, तेही आदल्या रात्री मुक्कामाला, कारण तिथे एक विमान हुकले तर दुसरे मिळण्याची आशा असते. एरवी कोल्हापूरच बरे. आपल्या भागातील गलाई व्यावसायिकांची कुटुंबे देशाच्या कानाकोपऱ्यात आहेत. दूरच्या गावी जायला त्यांना बहुधा वाटेत विमान बदलावे लागते. त्यांना कळकळीने सांगणे आहे: दोन्ही टप्प्यांचे तिकीट एकाच पीएनआरवर काढा. वेगवेगळी तिकिटे काढलीत आणि कोल्हापूरचे विमान उशिरा सुटले, तर पुढच्या तिकिटाचे पैसे सहसा बुडतात.