एवढंसं तर पडले होते

१. कॅज्युअल्टीत काम करू लागले तेव्हा ‘किती उंचावरून पडलात?’ हा मला मोठा प्रश्न वाटायचा. आता वाटत नाही. बाथरूममध्ये पाय घसरला, पलंगावरून उतरताना तोल गेला. रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्या आजींना एवढंही पुरतं. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो, कवटीच्या आतल्या बाजूच्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि हिसक्याने एखादी तुटते. गोळीमुळे रक्त गोठायला वेळ लागतो, ते झिरपत राहतं.

२. या गोळीचं नाव आपणहून कुणी सांगत नाही. ‘औषधं कसली चालू आहेत?’ म्हटलं की ‘बीपीची आणि हार्टची’. त्यात खोटं काहीच नसतं. म्हणून मी आडून विचारते: व्हॉल्व्ह बदललाय का? ठोके अनियमित आहेत का? पायात गुठळी झाली होती? रक्त पातळ किती झालंय ते तपासायला जाता का? वॉर्फरिन, ॲसिट्रॉमवाल्यांना हा शेवटचा प्रश्न लगेच कळतो. डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्साबान, एपिक्साबान या नव्या गोळ्यांना मात्र ती तपासणी, म्हणजे आयएनआर, नियमित करावी लागत नाही, म्हणजे तोही धागा हातचा जातो. मग घरी फोन करून पाकिटाचा फोटो मागवायचा. त्यात पाच मिनिटं जातात, जाऊ देत.

३. नीट बोलणारा पेशंट पाहून निर्धास्त होणं सोपं असतं. शुद्ध मोजणारा ग्लासगो स्कोअर १५ पैकी १५, आजोबा चहा मागताहेत, मुलगा निघायच्या घाईत. सीटी कुणाचा टाळता येईल हे ठरवणारा २००१ चा कॅनेडियन नियम अशा वेळी आठवतो. पण त्या अभ्यासात या गोळ्या घेणारे रुग्ण घेतलेच नव्हते. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या आरोग्यसंस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की अशांना दुसरं एकही लक्षण नसलं तरी इजेपासून ८ तासांच्या आत सीटीचा विचार करा.

४. पहिला सीटी स्वच्छ आला तरी माझं मन पूर्ण सुटत नाही. कधी रक्त हळूहळू साचत जातं; काही आठवड्यांनी पाय ओढत चालणं, विसरणं, दिवसा पेंगणं सुरू होतं आणि घरचे म्हणतात, वय झालं. तोवर ते पडणं कुणाच्या लक्षातही नसतं. वाईट याचं वाटतं की कवटीला छिद्र पाडून ते साचलेलं रक्त काढता येतं आणि त्यानंतर पुष्कळ जण पुन्हा चालू-बोलू लागतात.

५. हे ऐकून घाबरलेले लोक गोळीच बंद करतात. धातूचा व्हॉल्व्ह असेल तर त्यावर गुठळी धरू शकते, पक्षाघात होऊ शकतो. गोळी थांबवायची का, व्हिटॅमिन के द्यायचं का, हे डॉक्टरांना ठरवू द्या. तुम्ही फक्त दारातच सांगा: डोकं आपटलंय आणि ही गोळी चालू आहे.