मानस मोडली म्हणजे काय मोडलं?

पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. आजी फोनवर म्हणाली, "आपली मानस मोडली गं." मी शहरात वाढलेली. मला वाटलं, कुणाचं तरी मन मोडलं! वर्गात मानस म्हणजे मन. तिसवाडीतल्या आजीच्या गावी मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं लाकडी दार. या लेखात तो शब्द समजून घेऊ.

खाजन म्हणजे काय?

मांडवी, जुवारी या नद्यांत समुद्राची भरती आतपर्यंत चढते. काठची सखल जमीन बांध घालून या खाऱ्या पाण्यापासून राखली, ती खाजन. बांधाला माती, पेंढा, बांबू, चिरे वापरतात. मानस त्याच बांधात बसवलेली असते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तिची दारं मिटतात. ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. वीज नको, पंप नको.

भात कुठल्या पाण्यावर?

मांडवी वरच्या अंगाला म्हादई असते. ती उगम पावते बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या रानात. पावसाळ्यात घाटातलं गोडं पाणी खाली येतं, नदीचा खारेपणा उतरतो. शेतातलं मीठ पाऊस धुऊन काढतो, मग भात पेरतात. कोरगूट हे इथलं जुनं, खारं सोसणारं भात. म्हणजे किनाऱ्यावरचं शेत घाटातल्या पावसावर जगतं. कापणीनंतर काही ठिकाणी भरतीचं पाणी आत घेऊन मासे, कोळंबी धरतात.

शेजारी कोण कोण?

बगळे, खंड्या तर रोजचेच. पाणमांजरं मासे खायला येतात. कुर्ल्या बांधाला भोकं पाडतात, ती वेळीच बुजवावी लागतात. कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत. तिथल्या काही गावांत पौषात चिखलाची मगर करून पूजतात. तिला 'मांगे थापणी' म्हणतात. ज्याची भीती, त्याच्याशीच सलोखा!

खारफुटी मित्र की शत्रू?

परीक्षेत आपण 'मित्र' लिहितो, आणि ते खरंच आहे. बांधाच्या नदीकडे ती लाटांचा मारा अडवते, माशांच्या पिल्लांना आसरा देते. चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य खारफुटीतच आहे. पण तीच झाडं बांधाच्या आत उगवली की समजावं, शेत हातचं गेलं. खारफुटीला कायद्याचं संरक्षण असल्याने ती तोडून शेत परत मिळवणंही कठीण.

आमचं तसंच झालं. मानस मोडली, दुरुस्ती लांबली, खारं पाणी आत आलं. आज तिथे माझ्या उंचीची खारफुटी आहे.

दोष कुणा एकाचा नाही. पूर्वी बांध गावकरी संस्था सांभाळायची. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ते काम कुळांच्या संघटनांकडे गेलं. कुळांना हक्क मिळाला, हे योग्यच झालं. पण बांध एकट्याने राखता येत नाही. एकाने भोक बुजवलं नाही तर सगळ्यांचं शेत खारं होतं, आणि आमच्यासारख्या घरांतली मुलं तर शहरात.

ऑगस्टमध्ये कोणसाच्या फेस्ताला चर्चमध्ये नव्या कणसांना आशीर्वाद देतात. गेल्या वर्षी आमच्या चर्चमधली कणसं शेजारच्या गावातून आणली होती. आजीने कणीस हातात घेतलं, निरखून पाहिलं आणि विचारलं, "हे कोणाच्या शेतातलं?"

तेव्हा कळलं, 'मानस मोडली' याचा मी पहिल्यांदा लावलेला अर्थही अगदीच चुकीचा नव्हता.